यकृताची राखण

हेपॅटायटिस बी वर्षानुवर्षे गप्प बसतो आणि म्हणूनच घात करतो. मोठी प्रयोगशाळा दूर असेल, महागडी चाचणी परवडत नसेल, तरी या आजारावर नजर ठेवता येते का? लखनौच्या रुग्णालयांत दूरदूरहून येणाऱ्या कुटुंबांसाठी हा प्रश्न जीवनमरणाचा आहे. आपल्याकडच्या तालुक्यांतील कुटुंबांसाठीही तो तेवढाच महत्त्वाचा आहे.

पूर्व उत्तर प्रदेशात यकृताचा आजार बळावला की माणसे एकच पत्ता सांगतात : लखनौचे पीजीआय. रायबरेली रस्त्यावरील या संस्थेचे पूर्ण नाव संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था. १४ डिसेंबर १९८० रोजी तत्कालीन राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांच्या हस्ते तिची पायाभरणी झाली. शहराच्या जुन्या भागात, चौकाजवळ, १९११ साली सुरू झालेले किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय आहे. ते आता विद्यापीठ झाले आहे. गोंडा, बहराइच, बस्ती, देवरिया अशा जिल्ह्यांतून, शेजारच्या बिहारमधून आणि सीमेपलीकडच्या नेपाळमधूनही रुग्ण या दोन ठिकाणी येतात. रात्रभर बस किंवा रेल्वेचा प्रवास, सकाळी रांग, हातात कागदपत्रांनी फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी.

त्या पिशवीत पुष्कळदा एखादी महागडी चाचणी असते, कधीकाळी उसनवारी करून केलेली. मधल्या पाच-सात वर्षांचे साधे कागद मात्र नसतात.

असे का होते, हे समजून घेण्यासाठी एक नेहमीचा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. तिशीतला एक तरुण आखाती देशात नोकरीला जाण्यासाठी वैद्यकीय तपासणी करून घेतो. रक्तात हेपॅटायटिस बी निघतो. नोकरी जाते. तब्येत ठणठणीत असल्याने त्याचा विश्वासच बसत नाही. गावातले डॉक्टर सांगतात, 'तुम्ही नुसते वाहक आहात, घाबरू नका.' शहरातले डॉक्टर विषाणूच्या डीएनएची चाचणी लिहून देतात. खासगी प्रयोगशाळेत तिला काही हजार रुपये पडतात. तो ती एकदा करतो. सहा महिन्यांनी पुन्हा करायची असते, पण तेव्हा बहिणीचे लग्न निघालेले असते. त्यानंतर कुणी विचारत नाही, तोही जात नाही. दहा वर्षांनी पाय सुजतात, पोटात पाणी होते आणि मग लखनौची गाडी पकडली जाते.

महागडी चाचणी झाली नाही, एवढ्याने त्याचे फारसे बिघडले नसते. ती परवडत नाही म्हणून बाकीची सगळी देखरेखच थांबली, यात खरा घात झाला.

गप्प बसणारा पाहुणा

उत्तर भारतात या आजाराला 'काला पीलिया' म्हणतात. आपल्याकडे 'ब प्रकारची कावीळ' हा शब्द रूढ आहे. दोन्ही नावे थोडी फसवी आहेत, कारण दीर्घकाळ हा विषाणू बाळगणाऱ्या बहुतेकांना कावीळ होतच नाही. डोळे पिवळे नाहीत, भूक चांगली, काम चालू. म्हणून आपल्याला काही झाले आहे, हे पटत नाही.

दूषित पाण्यातून होणारी कावीळ वेगळी. ती 'ए' किंवा 'ई' प्रकारची असते आणि बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरी होते. बी प्रकारचा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला लागतो. न उकळलेली सुई, दुसऱ्याला वापरलेले वस्तऱ्याचे पाते, जत्रेतले गोंदण, न तपासलेले रक्त या त्याच्या वाटा आहेत. एका ताटात जेवल्याने, हात मिळवल्याने, मिठी मारल्याने तो लागत नाही.

मोठ्या वयात लागण झाली, तर १०० पैकी ९५ किंवा त्याहून अधिक जणांचे शरीर सहा महिन्यांच्या आत विषाणूला हुसकावून लावते. जन्माच्या वेळी लागण झालेल्या बाळांत हे गणित उलटे होते. त्यांतल्या सुमारे ९० टक्क्यांच्या शरीरात विषाणू कायमचा मुक्काम करतो. सहा महिन्यांहून अधिक काळ तो रक्तात सापडला, तर आजार दीर्घकालीन झाला असे मानतात.

अमिताभ बच्चन यांची कहाणी अनेक वाचकांना आठवत असेल. १९८२ साली 'कुली'च्या चित्रीकरणात बंगळूरला त्यांना जीवघेणी दुखापत झाली. त्या वेळी सुमारे २०० दात्यांचे रक्त त्यांना द्यावे लागले. त्यांपैकी कुणाच्या तरी रक्तातून हेपॅटायटिस बी त्यांच्या शरीरात शिरला. त्याचा पत्ता लागला तो पुष्कळ वर्षांनी, एका साध्या तपासणीत. तोवर यकृताचा सुमारे ७५ टक्के भाग निकामी झाला होता, असे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. मधली सगळी वर्षे ते पडद्यावर धावत होते, नाचत होते. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना दक्षिण-पूर्व आशियासाठी हेपॅटायटिसविषयक सदिच्छादूत नेमले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली जगात २५ कोटी ४० लाख लोक हा विषाणू बाळगून होते. त्यांपैकी सुमारे २ कोटी ९८ लाख भारतात होते. त्या एका वर्षात जगभरात या आजाराने ११ लाख माणसे दगावली. आपल्याला हा आजार आहे हे १०० पैकी जेमतेम १३ जणांना माहीत होते आणि औषध मिळत होते फक्त तिघांना.

एकदा पाहून भागत नाही

या विषाणूचा शोध अमेरिकेचे डॉ. बारूक ब्लुमबर्ग यांनी १९६० च्या दशकात लावला. ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी व्यक्तीच्या रक्तात त्याच्या आवरणाचा अंश प्रथम सापडला, म्हणून जुने डॉक्टर अजूनही 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' असा शब्द वापरतात. १९७६ साली ब्लुमबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, आज जागतिक हेपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

'एचबीएसएजी पॉझिटिव्ह' या अहवालाचा अर्थ एवढाच, की विषाणू शरीरात आहे. तो यकृताला इजा करतो आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. लहानपणी लागण झालेल्या माणसाच्या रक्तात वीस-पंचवीस वर्षे विषाणूंची गर्दी असूनही यकृत जवळजवळ शाबूत असू शकते, कारण शरीराने त्यांना अजून परके मानलेले नसते. पुढे तरुणपणी कधीतरी शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते आणि विषाणू दडलेल्या पेशींवर हल्ला करते. इजा होते ती प्रामुख्याने या लढाईत. काहींच्या बाबतीत लढाई लवकर संपते आणि विषाणू नमते घेतो. काहींच्या बाबतीत ती वर्षानुवर्षे धुमसत राहते. प्रत्येक चकमकीनंतर यकृतावर व्रण राहतात. व्रणांचे जाळे घट्ट होत गेले की यकृत आकसते, निबर होते. यालाच सिरोसिस म्हणतात.

शांत झालेला विषाणू पुन्हा उचल खाऊ शकतो. म्हणून आजची परिस्थिती पाहून पुढच्या दहा वर्षांची हमी देता येत नाही. पिकाची राखण करणारा एकदाच शेतात जाऊन परत येत नाही, तसेच हे आहे.

विषाणूंची मोजदाद आणि यकृताची हालत

राखण करायची म्हणजे दोन गोष्टी पाहायच्या : विषाणू किती आहेत आणि यकृताची हालत कशी आहे.

विषाणूंची मोजदाद डीएनए चाचणीने होते. तिच्यासाठी खास यंत्र, प्रशिक्षित माणूस, शीतपेटी आणि अखंड वीज लागते. त्यामुळे पुष्कळ जिल्ह्यांत ती होत नाही. नमुना मोठ्या शहरात पाठवावा लागतो आणि खर्च वाढतो. 'एचबीईएजी' नावाची साधी चाचणी विषाणूची वाढ जोरात आहे का, याचा थोडा अंदाज देते. पण ती निगेटिव्ह असूनही आजार धुमसत असलेले रुग्ण भारतात बरेच आहेत. एवढ्या एका कागदावर निश्चिंत होणे योग्य नाही.

यकृताची हालत पाहणे त्या मानाने सोपे आहे. एसजीपीटी हा यकृताच्या पेशींतला एक घटक आहे. पेशी फुटली की तो रक्तात येतो. तालुक्याच्या साध्या प्रयोगशाळेतही त्याचे प्रमाण मोजता येते. एक पथ्य मात्र पाळावे लागते. बऱ्याच अहवालांवर 'नॉर्मल' म्हणून ४० किंवा त्याहूनही वरचा आकडा छापलेला असतो. हेपॅटायटिस बीच्या रुग्णांसाठी जागतिक आरोग्य संघटना पुरुषांत ३० आणि स्त्रियांत १९ ही मर्यादा धरते. म्हणजे एखाद्या गृहिणीचा ३५ हा आकडा प्रयोगशाळेच्या कागदावर निर्दोष दिसेल, पण तिच्या डॉक्टरांनी तो दुर्लक्षून चालणार नाही.

एकदाच वाढलेल्या आकड्याचाही बाऊ करू नये. तापामुळे, एखाद्या औषधामुळे, दारूमुळे, यकृतात साठलेल्या चरबीमुळेही एसजीपीटी वाढतो. सहा ते बारा महिन्यांत दोन वेळा तपासून तो वाढलेलाच निघाला, तर त्याला अर्थ येतो. म्हणून तारीखवार जपून ठेवलेले चार साधे कागद कधी कधी एकट्या महागड्या कागदापेक्षा डॉक्टरांच्या जास्त उपयोगी पडतात.

लाखाच्या हिशेबातली युक्ती

यकृतावर व्रण किती साचले, हे पाहण्यासाठी पूर्वी सुई घालून यकृताचा तुकडा काढावा लागे. त्यात धोका होता, खर्च होता आणि तुकडा वाचणारा तज्ज्ञही लागे. आता मोठ्या रुग्णालयांत यकृताचा कडकपणा ध्वनिलहरींनी मोजणारे यंत्र असते. त्याला फायब्रोस्कॅन म्हणतात. पण ते प्रत्येक जिल्ह्यात कुठून येणार?

या अडचणीवर २००३ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी एक हिशेब सुचवला. त्याला 'एप्री' असे नाव आहे. त्यासाठी एसजीओटी आणि रक्तातील प्लेटलेट या दोनच साध्या तपासण्या लागतात. यकृत निबर झाले की प्लीहा वाढते आणि प्लेटलेट कमी होतात, हे त्यामागचे तत्त्व आहे.

पाश्चात्त्य पुस्तकांतील सूत्र जरा बोजड वाटते, कारण त्यात प्लेटलेट हजारांत मोजून शेवटी १०० ने गुणावे लागते. आपल्याकडे प्लेटलेट लाखांत सांगतात, त्यामुळे हे गुणणे आपोआप गळून पडते. आपला एसजीओटी प्रयोगशाळेने दिलेल्या कमाल मर्यादेच्या किती पट आहे ते काढायचे आणि प्लेटलेट जितके लाख असतील त्या आकड्याने भागायचे. एसजीओटी ८०, मर्यादा ४०, म्हणजे दोन पट. प्लेटलेट एक लाख असतील, तर उत्तर २. एसजीओटी ४० असेल आणि प्लेटलेट अडीच लाख, तर एकाला अडीचने भागून ०.४.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांत हा आकडा प्रौढ व्यक्तीत ०.५ च्या वर गेला, तर यकृतावर दखल घेण्याजोगे व्रण असावेत असे मानले आहे. १ च्या वर गेला तर सिरोसिसची शंका घ्यायची. २०१५ च्या सूचनांत सिरोसिससाठी ही मर्यादा २ होती. ती खाली आणल्यामुळे अधिक रुग्णांना वेळेवर औषध मिळण्याची वाट मोकळी झाली.

अर्थात हा हिशेब आंधळेपणाने करायचा नसतो. पावसाळ्यानंतर लखनौत काय आणि आपल्या शहरांत काय, डेंग्यूची साथ येते. डेंग्यूत प्लेटलेट कोसळतात आणि एसजीओटी वाढतो. त्या दिवसांत केलेला 'एप्री' उगाच घाबरवून सोडतो. ताप उतरून काही आठवडे गेल्यावर तपासणी करावी. शक्यतो दर वेळी एकाच प्रयोगशाळेत करावी, म्हणजे आकड्यांची तुलना करता येते. आणि हा आकडा घरी काढला, तरी त्याचा अर्थ डॉक्टरांकडूनच लावून घ्यावा.

डीएनए चाचणी अडली तरी उपचार अडू नयेत

याच २०२४ च्या सूचनांत गरीब भागांसाठी मोलाची एक गोष्ट आहे. डीएनए चाचणीची सोय असेल, तर तिचा आधार घ्यावाच. पण ती होत नसेल आणि एसजीपीटी सतत वाढलेला असेल, तर तेवढ्यावरही औषध सुरू करता येते. 'एप्री' ०.५ च्या वर असेल, तर डीएनएचा आकडा हाती येण्याची वाट पाहावी लागत नाही. घराण्यात कुणाला यकृताचा कर्करोग किंवा सिरोसिस झाला असेल, रुग्णाला मधुमेह असेल किंवा एचआयव्ही, हेपॅटायटिस सी अशी दुसरी लागण असेल, तरीही उपचारांचा विचार करायचा असतो. म्हणून डॉक्टरांना घराण्याचा इतिहास न लपवता सांगितला पाहिजे. 'काका पोटात पाणी होऊन गेले' हे एक वाक्य कधी कधी एखाद्या चाचणीइतके बोलके असते.

डीएनए चाचणीही हळूहळू जवळ येत आहे. क्षयरोगाच्या निदानासाठी सरकारी रुग्णालयांना मिळालेल्या यंत्रांवर वेगळी कुपी किंवा चिप लावून हेपॅटायटिस बीचे विषाणूही मोजता येतात. त्यांतले 'ट्रूनॅट' हे यंत्र गोव्यातील मोलबायो कंपनीचे आहे. ते आकाराने लहान असून बॅटरीवर चालते. जिथे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तिथे ही केवढी सोय!

२८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात बी आणि सी या दोन्ही प्रकारांच्या तपासण्या व औषधे विनामूल्य देण्याची तरतूद आहे. जिल्हा पातळीवर उपचार केंद्रे आणि वैद्यकीय महाविद्यालयांत आदर्श उपचार केंद्रे, अशी त्याची रचना आहे. साध्या रुग्णाची देखरेख जिल्ह्यात व्हावी आणि गुंतागुंतीचा रुग्णच मोठ्या शहरात जावा, हा त्यामागचा हेतू. उत्तर प्रदेशातल्या रुग्णाला दर वेळी लखनौ गाठावे लागू नये आणि आपल्याकडच्या रुग्णाला दर वेळी मुंबई-पुणे गाठावे लागू नये. जवळच्या जिल्हा रुग्णालयात या केंद्राची चौकशी जरूर करावी.

गोळी सुरू झाली की

आज या आजारावर टेनोफोव्हिर आणि एंटेकॅव्हिर ही दोन प्रमुख औषधे आहेत. रोज एक गोळी. टेनोफोव्हिर एचआयव्हीच्या रुग्णांनाही दिली जाते आणि भारतीय कंपन्या ती मोठ्या प्रमाणावर बनवतात, त्यामुळे ती स्वस्त झाली. सुरू करण्यापूर्वी एचआयव्हीची तपासणी मात्र करून घ्यावी लागते. दोन्ही विषाणू असतील, तर ही गोळी एकटी देऊन चालत नाही. ती घेणाऱ्यांच्या मूत्रपिंडावरही लक्ष ठेवावे लागते. त्यासाठी क्रिएटिनिन ही साधी रक्तचाचणी पुरते.

लॅमिव्ह्युडिन या १९९८ साली या आजारासाठी आलेल्या जुन्या औषधाला विषाणू लवकर सरावत असे. पाच वर्षांत सुमारे ७० टक्के रुग्णांत ते निरुपयोगी ठरे. त्यामुळे विषाणूंची वारंवार मोजदाद करणे भाग होते. नव्या औषधांना विषाणू क्वचितच दाद देईनासा होतो. म्हणून दर वर्षी डीएनए चाचणी जमली नाही, तरी गोळी नियमित घेणाऱ्या रुग्णाची देखरेख बऱ्याच अंशी साध्या तपासण्यांवर निभावते.

पण 'नियमित' हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. ही गोळी विषाणूला दाबून ठेवते, मुळासकट उपटत नाही. विषाणूचा साचा यकृताच्या पेशींच्या गाभ्यात दडून राहतो. बरे वाटले म्हणून, गाव बदलले म्हणून, उपवास होते म्हणून गोळी परस्पर बंद केली, तर दबलेला विषाणू एकदम उसळतो. आधीच थकलेले यकृत हा तडाखा सोसू शकले नाही, तर रुग्ण दगावतो. औषध कधी थांबवायचे, हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

आणखी एक सावधगिरी. कर्करोगाची औषधे किंवा स्टेरॉइडचा दीर्घ उपचार सुरू करायचा असेल, तर 'मला हेपॅटायटिस बी आहे' हे त्या डॉक्टरांना आधी सांगावे. शरीराची प्रतिकारशक्ती दबली की शांत पडलेला विषाणू जागा होतो.

ज्यांना सिरोसिस झाला आहे किंवा ज्यांच्या घरात यकृताचा कर्करोग झाला आहे, त्यांनी दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. हेपॅटायटिस बीमध्ये सिरोसिस नसतानाही कर्करोग होऊ शकतो, म्हणून चाळिशी ओलांडलेल्या रुग्णांनीही याबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गाठ लहान असताना सापडली, तर ती काढता येते. दुखू लागल्यावर सापडली, तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

सुई, साथ आणि लस

लखनौच्या शेजारच्या उन्नाव जिल्ह्यात, बांगरमऊ भागात, २०१८ साली एकच सुई अनेकांना वापरल्याने एचआयव्ही पसरल्याचे उघडकीस आले आणि देश हादरला. त्याआधी २००९ साली गुजरातमध्ये साबरकांठा जिल्ह्यातील मोडासा परिसरात वापरलेल्या सिरिंजमधून हेपॅटायटिस बीची साथ पसरली आणि अनेक माणसे दगावली. ताप आला की 'सुई मारा' असा हट्ट धरणारे रुग्ण आपल्याकडे कमी नाहीत. गोळीने भागत असेल तिथे सुई मागू नये. सुई घ्यावीच लागली, तर आपल्यासमोर नवे पाकीट फोडायला सांगावे. त्यात संकोच कसला?

घरात एकाला हेपॅटायटिस बी निघाला, तर पती किंवा पत्नी, मुले, भावंडे आणि आई यांची तपासणी करून घ्यावी. ज्यांना लागण झालेली नाही, त्यांनी लस घ्यावी. प्रौढांसाठी साधारणपणे तीन डोस असतात : आज, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी.

या लशीची एक लखनवी बाजूही आहे. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक कंपनीने भारतीय बनावटीची लस बाजारात आणेपर्यंत परदेशी लशीच्या एका डोसला कित्येकशे रुपये मोजावे लागत. किंमत उतरली, तरी देशातल्या प्रत्येक बाळाला लस देणे सरकारला परवडेल का, अशी शंका होतीच. पीजीआयमधील डॉ. राकेश अग्रवाल, डॉ. उदय घोषाल आणि डॉ. एस. आर. नाईक यांनी या प्रश्नाचा पद्धतशीर हिशेब मांडला. तो २००३ साली 'जर्नल ऑफ हेपॅटॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सर्व बाळांना लस देण्याचा खर्च वाचणाऱ्या आयुष्यांच्या मानाने अगदी रास्त आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. देशात या लशीचा प्रायोगिक कार्यक्रम २००२-०३ मध्ये सुरू झाला आणि २०११ पर्यंत ती देशभरच्या लसीकरणात आली.

आता बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिला डोस आणि नंतर ६, १० व १४ आठवड्यांनी पंचगुणी लशीतून पुढचे डोस दिले जातात. आईला विषाणू असेल, तर पहिल्या २४ तासांतला डोस बाळासाठी ढालीसारखा असतो. गरोदरपणी प्रत्येक स्त्रीने ही तपासणी करून घ्यावी. गरज असेल, तर शेवटच्या काही महिन्यांत आईला टेनोफोव्हिर देऊन बाळाचा धोका आणखी कमी करता येतो. अशा आईने बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही.

माळ, चुना आणि भुईआवळी

कावीळ उतरवणारे वैदू लखनौच्या आसपास आहेत, तसेच आपल्याकडेही आहेत. डोक्यावर घातलेली माळ वाढत जाऊन गुडघ्याला टेकते, चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळे होते. दूषित पाण्याची कावीळ आपोआपच बरी होत असल्याने श्रेय माळेला मिळते. बी प्रकारच्या दीर्घ आजारात ही माळ काही करू शकत नाही, पण मोलाची वर्षे मात्र त्यात निघून जातात.

भुईआवळीची गोष्ट वेगळी. ती शास्त्राच्या कसोटीला लावली गेली होती. १९८८ साली चेन्नईच्या संशोधकांनी, स्वतः ब्लुमबर्ग यांच्या सहभागाने, 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. भुईआवळी दिलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाल्याचे त्यात म्हटले होते. जगभर आशा पालवली. पण नंतर इतरत्र झालेल्या काळजीपूर्वक चाचण्यांत तसा गुण आला नाही. वनस्पतीवर राग धरण्याचे कारण नाही, पण तिच्या भरवशावर तपासण्या आणि गोळी सोडणे धोक्याचे आहे. यकृतासाठी म्हणून विकली जाणारी अज्ञात चूर्णे आणि भस्मे तर उलट इजाही करू शकतात. दारू पूर्णपणे वर्ज्य करावी, हे वेगळे सांगायला नको.

एक साधी वही

हा आजार समजला की बरीच कुटुंबे तो लपवतात. भांडी वेगळी होतात, मुलीचे लग्न अडते, सुनेला माहेरी धाडले जाते. या लपवाछपवीत तपासण्याही बुडतात. खरे तर लस घेतलेल्या जोडीदाराबरोबर अशा माणसाचा संसार सुखाने होऊ शकतो. पूर्ण आयुष्य जगणारे असे पुष्कळजण आहेत. त्यासाठी घरच्यांनी साथ द्यायची आणि तारखा पाळायच्या.

दुकानदार उधारीची वही ठेवतो, गृहिणी दूधवाल्याच्या खाड्यांचा हिशेब ठेवते. तशीच एक वही यकृताची ठेवावी. विशीतल्या मुलापासून साठीच्या आजोबांपर्यंत, रुग्ण कोणीही असो, ही वही घरातल्या एकाने नेटाने सांभाळावी. पीजीआयच्या दारात पोचलेल्या रुग्णाच्या पिशवीत ही वही असेल, तर डॉक्टरांना दहा वर्षांचा आलेख पाच मिनिटांत दिसतो. मग डीएनए चाचणी खरोखर कुणाला हवी आणि कुणाला थांबता येईल, हे त्यांना ठरवता येते. गरिबाचा पैसा नेमक्या जागी खर्च होतो.

वहीत काय लिहावे?

• पहिल्यांदा 'पॉझिटिव्ह' आल्याची तारीख आणि घराण्यातील यकृताच्या आजारांची नोंद.

• दर सहा महिन्यांनी एसजीपीटी, एसजीओटी आणि प्लेटलेट. आकड्यापुढे प्रयोगशाळेचे नाव व तिची कमाल मर्यादा. प्रकृती स्थिर असेल आणि डॉक्टरांनी सांगितले असेल, तर वर्षातून एकदा.

• त्या वेळी ताप, डेंग्यू किंवा दुसरे औषध चालू होते का, याची खूण.

• डीएनए, एचबीईएजी, सोनोग्राफी, फायब्रोस्कॅन झाल्यास त्यांच्या तारखा व निकाल.

• गोळी चालू असल्यास सुरू केल्याची तारीख, चुकलेले दिवस आणि वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन.

• घरातील प्रत्येकाची तपासणी आणि लशीचे डोस.

• पाय सुजणे, पोट फुगणे, रक्ताची उलटी, काळी शौच, डोळे पिवळे होणे किंवा बोलण्यात भ्रम यांपैकी काहीही दिसले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.